नॉर्दर्न सोलच्या अनाम सोबत्यांचे आभार

नॉर्दर्न सोल म्हणजे अमेरिकेतल्या दुर्मीळ सोल गाण्यांवर उत्तर इंग्लंडमध्ये रात्रभर नाचण्याची चळवळ. तिथल्या विगन कसिनो या नृत्यगृहात १९७३ ते १९८१ या काळात रात्र रात्र नाचणाऱ्यांच्या पायांखाली टाल्कम पावडर भुरभुरणाऱ्या हातांचे मनापासून आभार. लाकडी जमिनीवर पाय सरकायला हवा, घसरायला नको; पावडर जास्त झाली की गिरकी हुकते.

सगळ्यात मोठं ऋण मात्र अमेरिकेतल्या गोदामांत धूळ खात सात इंची, ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) गाण्यांच्या तबकड्या चाळणाऱ्यांचं. अस्सल-नक्कल ओळखायला त्यांच्यासारख्यांनीच शिकवलं. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीचा ओळख क्रमांक, तिरप्या उजेडात, भिंगाखाली वाचायचा आणि खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहायचा. नुसत्या लेबलवर विसंबू नये, ते हुबेहूब छापता येतं. तबकडी स्टायरीन या प्लॅस्टिकची असेल तर जास्तच जपायला हवं. गाण्याची सुरुवात पकडताना सुईखाली ती मागेपुढे फिरवली की खाच झिजते आणि पहिल्या काही सेकंदांत कायमची खरखर बसते. पुसायला स्पिरिट तर नकोच.

आणि डीजेंनी इतर डीजेंना गाणं कळू नये म्हणून लेबल झाकून, खोटी नावं देऊन वाजवलेल्या गाण्यांचे खरे गायक शोधून त्यांचं श्रेय त्यांना मिळवून देणाऱ्यांनो, तुमचे शतशः आभार.