काका, हशा उतरेपर्यंत थांबायला तुम्ही शिकवलंत

प्रिय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र पोस्टाने घरी पाठवलं असतं, तर तुम्ही वाचून, घडी घालून तुमच्या लाइटच्या केबलच्या पिशवीत ठेवलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर ज्यांनी चार दिवस काढलेत, ते ओळखतीलच.

परवा एका मुलाखतीत मला विचारलं, "विनोदाचं टायमिंग कुठे शिकलात?" "नाटकात," एवढं बोलून मी मोकळी झाले. घरी आल्यावर ते उत्तर मला टोचत राहिलं. मी शिकले ते सायखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत, तुमच्या शेजारी, अंधारात.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होती. परशुराम सायखेडकर नाट्यगृहात आमचा प्रयोग, आणि मला कामवाल्या बाईची भूमिका, सगळी मिळून सहा वाक्यं. तिसऱ्या वाक्याला प्रेक्षक असे काही हसले की मी घाबरले आणि चौथं वाक्य त्या हशातच बोलून टाकलं. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पाचवं त्याच्यावरच उभं होतं, तेही पडलं. विंगेत आले तेव्हा डोळे भरले होते. तुम्ही लाइट कमी-जास्त करायच्या डिमरवरचा हात न काढता एवढंच म्हणालात, "रडायचं नंतर. आता पुढचा प्रवेश डोळे मिटून ऐक."

मी ऐकला. आधी पुढच्या दोन-तीन रांगा हसतात, मग मागचे, आणि सगळे गप्प होत असताना कुठेतरी कोपऱ्यात उशिरा कळलेला एक जण. प्रत्येक हशाला चढ असतो आणि उतार असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पडदा पडल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता तुम्ही म्हणालात, "दूध वर येतं तसा हशा येतो. वर येताना बोललीस तर वाक्य उतू जातं. पार खाली बसल्यावर बोललीस तर साय धरते. उतरायला लागला की टाक." आजवर अभिनयाची शिबिरं बरीच केली, पण यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

टीव्हीवर गेले तेव्हा मोठी पंचाईत झाली. मालिकेच्या सेटवर हसायलाच कुणी नसतं! साउंड चालू असतो, फ्लोअरवरची माणसं तोंड दाबून उभी. हसणारा माणूस महिनाभराने कुठल्यातरी घरात जेवताना हसणार, आणि त्याच्यासाठी जागा मात्र आज, त्या शांततेत सोडायची. सुरुवातीचे कित्येक टेक मी धावतच केले. मग एक दिवस ठरवलं की कॅमेऱ्यामागे सायखेडकरच्या रांगा आहेत. पुढच्या हसल्या, मागच्या हसल्या, तो कोपऱ्यातला हसला, आता बोल. पुढे आमचे एडिटर एकदा म्हणाले, "तुमच्या वाक्यांमध्ये कात्री लावायला बरोब्बर जागा असते." ती जागा तुमची आहे काका.

नोकरी सोडू का, म्हणून मी विचारायला आले होते, आठवतंय? तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. अशोक सराफांचं सांगत बसलात. स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून ते नाटकं कशी करत, रंगभूमी आणि सिनेमा झाल्यावर १९९५ मध्ये 'हम पांच'मधून हिंदी घरांतही कसे पोचले. मग दिलीप प्रभावळकर. दूरदर्शनवरचा त्यांचा चिमणराव सगळ्यांना आठवतो, पण त्याआधी ते विजया मेहतांच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेत घडले होते. "टीव्ही पळून जात नाही. आधी पाय रोव," म्हणालात. मी आणखी दोन वर्षं नोकरी केली आणि तेवढ्यात सात एकांकिका. ती दोन वर्षं मला आजही पुरतात.

मुंबईत मात्र पाय रोवायला भाडं लागतं. या धंद्यात काम आज केलं की पैसे साधारण नव्वद दिवसांनी मिळतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यातून पहिल्याच निर्मात्याने चेक अडकवला. मी घरी बोलले नव्हते, तुम्हालाही नाही. पण शनिवारी नाशिकला आले होते, तेव्हा तुम्ही तोंड पाहून ओळखलंत. सोमवारी पहाटे स्कूटरवरून मला नाशिकरोडला सोडलंत, पंचवटी एक्सप्रेस फलाटाला लागली तेव्हा माझ्या हातात पाकीट दिलंत. "भिशी लागलीये," एवढंच. इगतपुरी गेल्यावर उघडलं तर बारा हजार रुपये होते. कसारा घाट संपेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. काकूंच्या मंगळसूत्राची पॉलिश त्या वर्षी राहून गेली, हे मला पुढे कधीतरी काकूंकडूनच कळलं, तेही हसत हसत.

आणि त्या तालमींच्या रात्री! अकरा वाजले की आईचा फोन यायचा. तुम्ही स्वतः घेऊन सांगायचात, "वहिनी, मी आणतो तिला." बाईने लोकांना हसवायचं, तेही रात्रीच्या तालमी करून, हे आमच्या गल्लीला पचणारं नव्हतं. तुम्ही रोज दारापर्यंत आलात, म्हणून आईने मला कधी अडवलं नाही. तिने मला सांगायला सांगितलंय, की ती तुमची ऋणी आहे.

येत्या रविवारी कालिदास कलामंदिरात आमच्या नाटकाचा प्रयोग आहे. हो, मालिका चालू असतानाच नाटक घेतलंय. पहिल्या रांगेत तुम्ही बसणार नाही, म्हणून लाइटच्या केबिनजवळच्या दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात. काकूंना नक्की आणा. पाकीट त्यांच्याच हातात देणार आहे, तुम्ही मध्ये पडू नका. आणि दुसऱ्या अंकात मी फोन उचलते ती जागा नीट ऐका. अजून घाई होतेय असं मला वाटतं. प्रयोग संपल्यावर विंगेत येऊन सांगा.

तुमची,
सहा वाक्यांची बाई