मुलांना एक खरं पत्र लिहू द्या

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पणजी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठीच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न असतो. मूल अ. ब. क. या नावाने एका काल्पनिक मित्राचं अभिनंदन करतं, गुण मिळवतं आणि ते पत्र उत्तरपत्रिकेच्या गठ्ठ्यात जातं. ते कुणालाच पोचत नाही. माझं मागणं असं, की राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत मुलांनी वर्षातून दोनदा आपल्या माणसाला स्वतःच्या हाताने पत्र लिहावं आणि ते टपालपेटीत टाकावं.

माझी थोरली बहीण लग्न होऊन फोंड्याहून कोल्हापूरला गेली. फोनवर बाबा तिला 'बरी आहेस ना?' एवढंच विचारत आणि रिसीव्हर आईच्या हातात देत. पत्रात ते वेगळेच असत. चित्रशाळेतून गणपती आणायला कोण कोण गेलं, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीला, सुपारीचा घड कुणाच्या कुळागरातून आला, पाऊस कधी उघडला, हे सगळं सविस्तर यायचं आणि शेवटी, ता. क. म्हणून, 'तुझ्या खोलीत अजून कुणी झोपत नाही.' हे त्यांनी तोंडाने कधीच सांगितलं नसतं. बहिणीने ती पत्रं तारेला ओवून ठेवली आहेत. बाबांचं अक्षर वर्षागणिक कसं कापरं होत गेलं, तेही त्यात दिसतं. त्यांच्या फोनांपैकी आज तिच्याकडे काही नाही.

आजची मुलं मोबाइलवर बोलतात, फोटो पाठवतात. ते चांगलंच आहे. पण एकाच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून अर्धा तास बसणं, त्याला काय सांगायचं ते ठरवणं, याची सवय त्यांना कुठे लागणार? कितीतरी मुलांना मामाचा पूर्ण पत्ताही ठाऊक नसतो. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिन कोड हे घरी विचारावं लागेल आणि त्या निमित्ताने मामाविषयी चार गोष्टी निघतील.

टपाल खात्याची 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा २०१७ पासून चालते. ती जरूर चालावी. पण स्पर्धेतलं पत्र शेवटी परीक्षकासाठी लिहिलं जातं. मी म्हणतो त्या पत्राला बक्षीस नको, गुण नकोत. शिक्षकांनी ते तपासूही नये, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्यावेत. सर्वेक्षणं आणि अहवाल यांनी शिक्षक आधीच वाकले आहेत. म्हणून हे नवं काम म्हणून लादू नका, पत्रलेखनाच्या सरावाच्या तासिकेतच ते होऊ द्या.

खर्चाचं म्हणाल, तर देशातल्या पत्त्यावर पाठवायचं पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं. तीस मुलांच्या वर्गाला १५ रुपये लागतील. ज्यांना मजकूर झाकून पाठवायचा असेल त्यांना अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र द्यावं. मुलांनाही खाजगी काही सांगायचं असतं.

पहिलं पत्र चतुर्थीच्या सुट्टीआधी जावं. मुंबई-पुण्याला, बेळगावला, आखातात, तारवावर म्हणजे जहाजावर गेलेली आपली माणसं त्या दिवसांत घराकडे डोळे लावून असतात. आपण शाळांना तसं परिपत्रक काढावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
फोंडा तालुक्यातील एक पालक