पिस्तूल अडकण्याच्या कारणाची नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नुकत्याच झालेल्या एका नेमबाजी स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद फेरीत माझ्या एका विद्यार्थिनीचे पिस्तूल अडकले. या फेरीत प्रत्येक गोळीसाठी अवघे तीन सेकंद असतात. चाप ओढला, पण गोळी सुटली नाही, तेव्हा तिने सरावातल्या सवयीने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे खेचली आणि न उडालेले काडतूस खाली पडले. खरे तर अशा वेळी पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून, दुसरा हात वर करून अधिकाऱ्याची वाट पाहायची असते. तपासणीपूर्वी यंत्रणेला हात लावला, की बिघाडाचा दावा ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे तिला राहिलेल्या गोळ्या मारून मालिका पूर्ण करण्याची संधी मिळाली नाही. निर्णय नियमाला धरूनच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मात्र ते काडतूस कोणा अधिकाऱ्याने उचलूनही पाहिले नाही आणि ‘गोळ्याच खराब असतील’ एवढ्यावर विषय मिटला, याचे मला वाईट वाटले. या पिस्तुलाच्या पॉइंट टू टू (.22 इंची) काडतुसात ठिणगी पाडणारे रसायन तळाच्या कडेत भरलेले असते. कडेवर फायरिंग पिनची (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीची) खूण खोल उमटूनही गोळी उडाली नसेल, तर दोष बहुधा काडतुसाचा असतो. तेच काडतूस जरा फिरवून लावले तर पुष्कळदा उडते. खूण पुसट असेल तर मात्र स्प्रिंग थकली आहे का, पिनच्या वाटेत मळ साचला आहे का, स्लाइड पूर्ण मिटली होती का, हे पाहावे लागते. मी नंतर पाहिले, तेव्हा त्या काडतुसावरची खूण नखालाही जेमतेम जाणवत होती. पिस्तूल उघडल्यावर पिनच्या वाटेत तेल आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा चिकट काळा थर निघाला. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून आपल्याकडे सढळ हाताने तेल दिले जाते, त्याचाच हा परिणाम.

काडतुसाची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली, तर एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे) टोक, चेंबरमधला (काडतूस बसते त्या खोबणीतला) मळ आणि मॅगझिनचे ओठ (काडतुसांच्या पेटीच्या वरच्या कडा) तपासावेत. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढची गोळी मारणे जिवावर बेतू शकते. नवशिक्यांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलाचे कॉकिंग लिव्हर (पिस्तूल सज्ज करण्याची दांडी) तुटले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि 575 गुणांसह त्या बाराव्या आल्या. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तेव्हा नेमका कोणता भाग तुटला, हे देशाला कळले. जिल्हा पातळीवर मात्र पिस्तूल का अडकले, हे खेळाडूच्या पालकांनाही कळत नाही. ऑलिम्पिक नेमबाज राही सरनोबत यांच्या कोल्हापुरात तरी असे होऊ नये.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक स्पर्धेत एक जाणकार तंत्रज्ञ, भिंग आणि साफसफाईचे साहित्य असलेले टेबल ठेवावे, न उडालेले काडतूस जपून ठेवावे आणि बिघाडाचे कारण दोन ओळींत लिहून त्याची प्रत खेळाडूला द्यावी.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर