त्याने गोल किती मारले?

सांता क्लारा,
रविवार, 2 नोव्हेंबर 2025

ती. अण्णा व ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोहोचला. चकल्या मोडल्यात, पण चुरा दह्यात घालून खाल्ला आणि तो जास्तच चांगला लागला. लाडू रोज एकच खातो.

आधी हाताचं सांगतो. फोटोत पट्टी दिसली म्हणून आईने तीनदा फोन केला. मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही. ऑफिसातले आम्ही शनिवारी खेळतो तो फ्लॅग फुटबॉल, अमेरिकन फुटबॉलचाच सौम्य प्रकार. त्यात कोणी कोणाला पाडत नाही, कमरेला लटकवलेली कापडी पट्टी ओढली की गडी थांबला. मी पडलो तो खेळ संपल्यावर, पाणी प्यायला जाताना. तेव्हा खेळाला दोष नको. तुम्ही मोबाइलवर बघितली ती धडकाधडकी पगारी लोकांची. ते हेल्मेट घालतात. (यानं आईचं समाधान होणार नाही, हे कळतंय.)

अण्णा, तुम्ही विचारलंत, माझ्या जर्सीवरच्या 44 नंबरवाल्याने गोल किती मारले. तेव्हा ‘नंतर सांगतो’ म्हणालो, कारण उत्तर लांबलचक आहे. पहिलं म्हणजे इथे आपल्या फुटबॉलसारखा गोल नसतो, टचडाउन असतो. चेंडू घेऊन समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची, सहा गुण. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याकडे. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे. हा खेळ चेंडूचा कमी आणि जमिनीचा जास्त, बांधावरच्या भांडणासारखा.

आता हा 44 म्हणजे काइल यूसचेक, इथल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचा. आडनावाचं स्पेलिंग बघून उच्चार कुणाच्या बापाला जमणार नाही, म्हणून सगळे त्याला ‘ज्यूस’ म्हणतात. जागा फुलबॅक. नाव फुलबॅक असलं तरी हा उभा राहतो चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे. चेंडू मागच्याला मिळतो, आणि हा रिकाम्या हाताने पुढे धावत जाऊन समोरून येणाऱ्या धिप्पाड माणसावर स्वतःला आदळतो. तेवढ्या क्षणात जी फट पडते तिच्यातून मागचा निसटतो. कबड्डीत आपण समोरच्याला धरतो. इथे धरलं तर दंड. नुसतं ढकलून, खांदा लावून बाजूला काढायचं. उंची सहा फूट एक इंच, वजन 107 किलोच्या आसपास, तरी समोरचे बरेचदा त्याच्याहून दांडगे.

आमचे घरमालक सत्तरीचे आहेत. त्यांच्याबरोबर पहिली मॅच बघितली तेव्हा मला चेंडू दिसतच नव्हता. ते म्हणाले, चेंडू शोधू नकोस, 44 कुठे निघाला ते बघ, चेंडू त्याच्या मागून येईल. आणि खरंच येतो हो!

जानेवारी 2020 मध्ये इथल्याच मैदानात ग्रीन बेच्या संघाविरुद्ध आमच्या संघातल्या, चेंडू घेऊन पळणाऱ्या रहीम मोस्टर्टने एका सामन्यात 220 यार्ड काढले, चार टचडाउन केले. आजही लोक मोस्टर्टचं नाव घेतात. पुढे धावून वाट करणाऱ्यांचे आकडे कुणी लिहून ठेवत नाही, तसा रकानाच नाही. मग पंधरा दिवसांनी मायामीत सुपर बोल, म्हणजे इथला अंतिम सामना. त्यात ज्यूसने चेंडू झेलून एक टचडाउन केला. अण्णा, तोच तुमचा गोल. पण संघ कॅन्सस सिटीकडून 31-20 असा हरला. पुढे 2024 लाही त्याच कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत हरले.

शिकलेला माणूस आहे, आई. हार्वर्डमधून अर्थशास्त्र. 2013 मध्ये संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा त्याचा नंबर लागला 130वा, बाल्टिमोरच्या संघाने घेतला. 2017 ला इथे आला तो चार वर्षांच्या दोन कोटी दहा लाख डॉलरच्या करारावर. फुलबॅकला एवढे पैसे तोपर्यंत कुणी दिले नव्हते. कारण ही जागाच मोडीत निघाली आहे. आता सगळ्यांना चेंडू लांब फेकायचा असतो, त्यामुळे वाट काढणाऱ्याच्या जागी आणखी एक झेलणारा उभा करतात. कित्येक संघांत फुलबॅक नाहीच. यालाही यंदा मार्चमध्ये काढून टाकलं होतं, नऊ वर्षं ओळीने मानाच्या प्रो बोलसाठी निवड होऊनसुद्धा. आणि आठवडा उलटायच्या आत कमी पैशात परत बोलावलं. दोन वर्षं, ऐंशी लाख डॉलर. गेलासुद्धा. मला ते वाचून वाईट वाटलं, पण वय 34, आणि त्याच्याशिवाय अडलं हेही खरंच.

माझी नोकरी ठीक आहे. टीव्हीवर नोकरीच्या व्हिसाच्या एक लाख डॉलर फीचं जे दाखवतात ते नव्या अर्जांना आहे, माझा जुना आहे. मात्र पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे. तिकडे आलो की मुलाखत देऊन नवा घ्यावा लागणार, आणि तारीख लांबली तर अडकून पडायचं.

म्हणून मनूच्या लग्नाचं. 8 फेब्रुवारी हीच तारीख निघाली, आणि त्याच दिवशी यंदाचा सुपर बोल माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मावशी म्हणेल मॅचसाठी थांबला. तिला सांगा, त्याचं तिकीट माझ्या महिन्याच्या भाड्यातही येत नाही. मी त्या रात्री जागून व्हिडिओवर अंतरपाट धरलेला बघेन. मनूशी मी स्वतः बोलतो, तुम्ही आधी सांगू नका.

हॉलचे अडीच लाख दादाच्या खात्यावर टाकलेत. सोनं सव्वा लाखाच्या आसपास आहे म्हणता, तर तिचे दोन तोळे माझ्याकडून, थांबू नका, घेऊन टाका. नाशिकच्या स्थळाला सध्या काही कळवू नका. नको म्हणत नाही, पण घाई नको.

आजपासून इथली घड्याळं एक तास मागे गेली. तुमच्या सकाळी आठला इथे आता संध्याकाळचे साडेसहा, मी ऑफिसातच असेन. नऊला करा.

अण्णांच्या तपासणीला दादा रजा टाकून गेला, हे मला वहिनीकडून कळलं. आचारी, मांडव, पत्रिका, सगळं तोच बघतोय. त्याच्यासाठी एक पार्सल पाठवलंय. 44 नंबरची जर्सी आहे, डबल एक्सेल. पोट मावेल. तो विचारेल हाच नंबर का, तर हे पत्र त्याला द्या.

तुमचा,
बाळू