माळ्यावरच्या रेकॉर्डी काढू नका

ह्यूस्टन,
९ ऑगस्ट

ती. अण्णाकाका व ती. सौ. काकू यांना,
सा. न. वि. वि.

कोथरूडला बिऱ्हाड लागलं हे ऐकून बरं वाटलं. पोह्यांवर इंदुरी जिरावन मसाला नाही म्हणून काकू अजून हळहळते, हेही कळलं. परवा फोनवर तुम्ही जाता जाता म्हणालात, दसऱ्यानंतर इंदूरला जाऊन रामबागेतल्या घराचा माळा रिकामा करायचा, जुन्या रेकॉर्डी रद्दीवाल्याला द्यायच्या. त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलो. इथून गाडीनं साडेपाच तास. जॅझचा थोर ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग याचं हे जन्मगाव. तिथे सेंट पीटर स्ट्रीटवर जॅझ ऐकायचा प्रिझर्व्हेशन हॉल आहे, १९६१ पासूनचा. हॉल म्हणायचा, पण आपली ओसरी आणि माजघर मिळून होईल एवढीच खोली. बसायला लाकडी बाकं, पुढच्यांना जमिनीवर उशा. मी अगदी पुढे, ट्रम्पेटवाल्याच्या पायाशी.

चाल ट्रम्पेटकडे असते. क्लॅरिनेट तिच्याभोवती वरून वेल चढवतं, खालून ट्रोम्बोन हुंकार देतो. आपल्याकडे गवई पुढे आणि पेटी त्याच्या मागे. इथे तिघंही एकाच वेळी आपापलं बोलतात आणि तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. समेची सवय असलेला माझा हात तिसऱ्या गाण्यापासून तिथे बसला. मग ट्रम्पेटवाल्यानं मोरी तुंबल्यावर वापरतो तसला रबरी दट्ट्या, दांडा काढलेला, वाद्याच्या तोंडाशी धरला आणि उघडमीट करत वाजवू लागला. रुसलेलं माणूस बोलतंय असं वाटावं. शेवटी दट्ट्या बाजूला ठेवून त्यानं मोकळा, चढा, हसरा सूर लावला, आणि काका, मी थेट रामबागेत पोचलो.

रविवारची सकाळ, तुमच्या गालाला साबण, कोनाड्यात रेडिओ, विविध भारतीवर सी. रामचंद्र. तुम्ही वस्तरा थांबवून म्हणायचात, “गाणं सोड, मागचा ऐक.” मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तो ‘मागचा’ कोण, ते तेव्हा आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं. असल्या वादकांची नावं पडद्यावर येत नसत, रेकॉर्डीच्या लेबलवर तर नाहीच.

तो मला सापडला. आंतोनियो झेवियर वाझ, गोव्याचे. सगळे त्यांना चिक चॉकलेट म्हणत आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याती होती. ते सी. रामचंद्रांचे सहायक होते. १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात! तो सिनेमा आपण किती वेळा पाहिला, आणि नजर दर वेळी भगवानदादांच्या पायांवर.

हे सूर मुंबईत आले कसे, तेही शोधलं. १९३५ साली लिऑन ॲबी अमेरिकेहून आपला बँड घेऊन ताज हॉटेलात आला, त्याच्यामागून पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. गोव्याच्या पोरांना चर्चच्या शाळेत नोटेशन लिहा-वाचायला शिकवलेलं असे. ती पोरं रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. संगीतकार पेटीवर चाल सांगे. कुठल्या वाद्यानं कधी काय वाजवायचं ते कागदावर उतरवत अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे गोन्साल्विसांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तलं ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ म्हणजे गुरूला केलेला नमस्कार.

आजोबा या गाण्यांना उसनी म्हणायचे. काही चाली बाहेरून आल्या हे खरं, पण सगळ्यांना एका माळेत ओवणं मला पटत नाही. लुईनं १९२६ मध्ये ‘हीबी जीबीज’ गाताना शब्द सोडून नुसत्या अक्षरांशी खेळ केला. १९५७ मध्ये पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, ‘ईना मीना डीका’ बांधलं आणि गायला कोण, तर इंदूरच्या आपल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला खांडव्याचा किशोर. त्यातला खट्याळपणा उसना आणता येत नाही. आणि एक गंमत बघा: लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१, किशोरकुमारचा ४ ऑगस्ट १९२९. तो दिवस मी न्यू ऑर्लिन्समध्ये दोघांच्या नावानं साजरा केला.

तेव्हा काका, त्या रेकॉर्डी देऊ नका. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या त्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, म्हणून पुसताना स्पिरिट बिलकूल लावू नका, लाख विरघळते. कोरडं मऊ फडकं पुरे. एकावर एक रचू नका, खोक्यात उभ्या ठेवा, मध्ये कागद घाला, आणि गाडीत खोकं उन्हाच्या बाजूला नको. कोथरूडला जागा नसेल तर माझ्यासाठी ठेवा, मी डिसेंबरात येतोय. एखादी तडकलेली असली तरी टाकू नका.

‘अलबेला’ची रेकॉर्ड हिरव्या ट्रंकेत, काकूच्या लग्नातल्या पातेल्यांखाली असावी. ती सापडली की लगेच फोन करा, इथे रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

तुमचा,
बाळू