नलूस, ईशाच्या पेपराबद्दल

पुणे, रविवार

प्रिय नलू,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. तुझ्या पत्रांना उत्तर गेलं नाही म्हणून जे बोलायचं ते फोनवर मनसोक्त बोल. आज लिहितेय ते ईशाच्या पेपरामुळे. घरात सगळे म्हणतात, "अगं, शाळेचा प्रकल्प तर आहे!" म्हणून तुझ्याकडे आले.

विषय पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. पेपर इंग्रजीत, शाळेला हवी पेपर मांडायची नि संदर्भ द्यायची एमएलए पद्धत, नववी आवृत्ती. वरवर पाहता देखणा. चहूबाजूंनी एक इंच समास, बारा पॉइंटचा टाइप, दुहेरी अंतर, उजव्या कोपऱ्यात आडनाव आणि पान क्रमांक. परिच्छेदांमध्ये मात्र फटी, कारण वर्ड आपल्या मनाने परिच्छेदानंतर आठ पॉइंट जागा सोडतो आणि ती शून्य करायची असते हे पोरांना कुणी सांगत नाही. कागदही अमेरिकी लेटर मापाचा लावलेला. झेरॉक्सवाल्याकडे असतो ए-फोर, म्हणजे छापताना पानं सरकणार. ए-फोर सुरुवातीलाच लावायचा आणि दुकानात पीडीएफच न्यायची, नाहीतर त्याच्या मशीनवर फॉन्टही बदलतो.

पण हे दहा मिनिटांचं काम. माझा जीव अडकलाय तो शेवटच्या पानात.

संदर्भयादी इतकी सुबक की आपल्या सरांनी पाठ थोपटली असती. वर्णक्रम बरोबर, प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत, तीही कंट्रोल-टी दाबून, स्पेस मारमारून नाही. आणि त्यातला एक लेख अस्तित्वातच नाही! नियतकालिक खरं आहे. खंड, अंक, पानं सगळं ऐटीत लिहिलंय. पण तो खंड त्या सालचा नाही आणि त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा लेख आहे. चॅटबॉटने रचून दिला. आपल्या वेळी खोटा संदर्भ द्यायला निदान मेहनत तरी पडायची.

कच्च्या पोराची चूक आपल्याला लांबून दिसायची, कारण स्वल्पविरामही चुकलेला असायचा. इथे स्वल्पविराम निर्दोष. म्हणून पडताळणी वेगळी करावी लागते. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकायचा, नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. तेवढ्यावर थांबायचं नाही. खोट्या नोंदीला कधी कधी खराच डीओआय चिकटवलेला असतो आणि तो उघडतो भलत्याच लेखावर. तेव्हा नियतकालिकाची स्वतःची अनुक्रमणिका उघडून तो खंड बघायचा.

दुसरा प्रकार त्याहून सभ्य, म्हणून जास्त त्रासाचा. चौकशी आयोगाचा अहवाल तिने पाहिलेला नाही. एका पुस्तकात त्यातला उतारा आहे, तो उचलला आणि यादीत थेट अहवाल लावला. मजकुरात अहवालाचं नाव घ्यावं, पण कंसात 'क्वोटेड इन'चं संक्षिप्त रूप, मग पुस्तककाराचं आडनाव नि पान, आणि यादीत फक्त ते पुस्तक. तू म्हणशील, शाळकरी पोरीकडून एवढं? हो, एवढंच. उतारा देणाऱ्याने मधली ओळ गाळली असेल तर तिला कळणार कुठून?

मराठी पुस्तकांची तर दैना. सॉफ्टवेअरमध्ये नाव एकाच रकान्यात भरलं की वि. का. राजवाडे 'व्ही'खाली जाऊन बसतात. आडनावाचा रकाना वेगळा असतो, तो भरायचा. मराठी विश्वकोशातली प्रत्येक नोंद तिने लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या नावावर टाकली. ते प्रमुख संपादक. नोंद लिहिणाऱ्याचं नाव नोंदीच्या शेवटी असतं, तिथवर वाचायला हवं ना! एका जुन्या पुस्तकावर फक्त शकवर्ष आहे, तर तिने साल नाहीच म्हणून सोडून दिलं. शकात ७८ मिळवायचे, पौषानंतरच्या महिन्यांना ७९. खडकवासल्याची स्पेलिंगं तीन. आपल्या मजकुरात एकच ठेवावं, पुस्तकाच्या शीर्षकात मात्र छापलंय तसंच. आणि एमएलएत महिन्यांची नावं यादीत आखडतात, पण मे, जून, जुलै पूर्ण लिहितात, म्हणजे पानशेतचा जुलै सुरक्षित.

एक गोष्ट मात्र पोरीने झकास केली. माईंची मुलाखत घेतली, पाणी कुठवर चढलं ते विचारलं. एमएलए माईंना यादीत मानाने घेते: आडनाव, नाव, मुलाखत, कुणी घेतली, तारीख. एपीए ही दुसरी पद्धत असती तर माई 'वैयक्तिक संपर्क' म्हणून मजकुरातल्या कंसातच राहिल्या असत्या, यादीत प्रवेश नाही. माईंना हे सांगितलं तर त्या एपीएवाल्यांना पत्र लिहितील.

आता आपलं जुनं भांडण, संदर्भाचा कंस आधी की पूर्णविराम. चालू मजकुरात आधी कंस, मग पूर्णविराम. चार ओळींपेक्षा मोठा उतारा अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय, आणि तिथे आधी पूर्णविराम, मग कंस. म्हणजे तूही बरोबर होतीस, पण फक्त मोठ्या उताऱ्यापुरती. बाकी निकाल माझ्या बाजूने.

संजूच्या बदलीचं कळलं. नवीन घरात पाणी येतं का, ते कळव. अभिनंदन, आणि पडदे जुनेच लाव.

एक काम कर. एशियाटिकच्या ग्रंथालयात जाशील तेव्हा तो अहवाल आहे का विचार. मिळाला तर शीर्षकपानाचा फोटो काढ आणि त्याच्या मागच्या पानाचाही, साल नि प्रकाशक बहुधा तिथेच असतात. लेखकही शासन आणि प्रकाशकही शासन निघालं तर नोंद शीर्षकापासून सुरू करू. उताऱ्याचं पान ईशा तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल, ते मूळ ओळींशी ताडून बघ. तिला पेपर शुक्रवारी द्यायचाय.

तुझी,
शालू