साब 'चक्रम' नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बंद पडलेल्या मोटार कंपन्यांवरचा लेख वाचला. त्यात स्वीडनच्या साबच्या वाट्याला जेमतेम दोन परिच्छेद आणि 'चक्रम गाडी' हे विशेषण आलं आहे. माझी हरकत त्या विशेषणाला आहे. मी मोटारींचा तज्ज्ञ नाही. पिंपरीत सुट्या भागांच्या कारखान्यात तीस वर्षं कॉस्टिंग केलं, म्हणजे समोर आलेल्या प्रत्येक नकाशावर 'हे कशाला?' असं विचारणाऱ्यांच्या जमातीतला. साबच्या बाबतीत या प्रश्नाला दर वेळी सरळ उत्तर मिळालं, म्हणून हे पत्र.

मुलगी गोथेनबर्गला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे असताना शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी साब 900 दाखवायला बोलावलं. चावी हातात दिली आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी स्टिअरिंगच्या आसपास चाचपडत राहिलो. आजोबांनी हसत दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्यामागे बोट दाखवलं. चावी तिथे लागते. इंजिन सुरू केलं, बंद केलं, तर आता चावी निघेना! रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय ती निघतच नाही. त्यामुळे उभी केलेली गाडी उतारावर घरंगळत नाही आणि चोराला ती ढकलत नेता येत नाही. शिवाय धडक बसली तर स्टिअरिंगखालची चावी गुडघ्यात घुसण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. ते आधी पुढे सरकतं आणि मग नाकाच्या बाजूला कलंडतं. आत इंजिन चक्क उलटं, क्लच पुढच्या अंगाला. का, तर क्लचप्लेट बदलताना इंजिन उतरवावं लागू नये. आजोबांनी ती स्वतः अंगणात बदलली होती. आपल्याकडे क्लचसाठी ज्यांची गाडी दोन-दोन दिवस गॅरेजात पडून राहिली असेल, त्यांनी ठरवावं चक्रम कोण.

सुरुवातीपासून हीच रीत. साब ही 1937 साली स्थापन झालेली विमानांची कंपनी. महायुद्ध संपत आलं, लढाऊ विमानांची मागणी घटणार हे दिसू लागलं, तेव्हा गुन्नार युंगस्ट्रोम या इंजिनिअरच्या हाताखाली पंधरा-सोळा जणांनी मोटारीचं काम हाती घेतलं. सिक्स्टेन सासोन यांनी तिला विमानाच्या पंखासारखा घाट दिला. डिसेंबर 1949 मध्ये ट्रोलहेट्टनच्या कारखान्यातून साब 92 बाहेर पडू लागली. पहिल्या साऱ्या गाड्या हिरव्या. विमानांचा रंग उरला होता म्हणून, असं सांगतात. डिकीला झाकणच नव्हतं, सामान मागच्या सीटमागून आत सरकवायचं. इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. आमच्या पिढीने स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल घालून घेतलं आहे, तोच प्रकार. अशा इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच पोचतं. उतारावर पाय उचलला की पेट्रोल तुटतं आणि तेलही. मग यांनी काय केलं, तर सायकलला असतं तसं फ्रीव्हील बसवलं. उतारावर चाकं आपली फिरतात, इंजिन नुसतं आयडलिंगवर राहतं.

ही असली गाडी घेऊन एरिक कार्लसन यांनी 1960 ते 1962 सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली आणि 1962 व 1963 मध्ये मोंटे कार्लो. पुढे 99 टर्बो आली, 900 आली. आर्किटेक्ट, प्राध्यापक अशा मंडळींची ती लाडकी झाली.

आता घसरणीबद्दल. आपल्या लेखकाने 'ग्राहकांनी पाठ फिरवली' म्हणून विषय संपवला आहे. खरं तर ग्राहक कधीच फार नव्हते. साबने कुठल्याही वर्षी दीड लाख गाड्यांचा आकडा गाठला नाही. एवढ्याशा संख्येवर नवीन गाडी विकसित करायचा खर्च भागत नाही. म्हणून 1990 मध्ये जनरल मोटर्स अर्धी भागीदार झाली आणि 2000 मध्ये पूर्ण मालक. पुढच्या 900 ला तेव्हा जनरल मोटर्सच्याच असलेल्या ओपेलच्या व्हेक्ट्राचा सांगाडा आला. नंतरच्या 9-3 मधून मागचा मोठा दरवाजा गेला, ज्याच्यासाठी लोक साब घ्यायचे. कडेलोट झाला तो अमेरिकेत. जपानच्या सुबारू कंपनीची इम्प्रेझा घेऊन तिला साबचं नाक लावलं आणि 9-2X म्हणून विकली. लोक तिला 'साबारू' म्हणत. शेव्हरले ट्रेलब्लेझरची 9-7X केली, ओहायोत बनणारी. तिच्यातही चावी मात्र आठवणीने दोन सीटांच्या मध्ये आणून बसवली होती! चक्रमपणा म्हणायचाच असेल, तर मी याला म्हणेन.

तरी एक कबुली देतो. ट्रोलहेट्टनचे नकाशे माझ्या टेबलावर आले असते, तर लाल शाईच्या खुणा मीसुद्धा केल्या असत्या. त्या इंजिनिअरांना हिशेबाची पर्वा नव्हती आणि जनरल मोटर्सच्या काळात बहुतेक वर्षं कंपनी तोट्यात होती. जनरल मोटर्सने गाडीचा आत्मा मारला, हे साबच्या चाहत्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. त्या पैशांशिवाय ती आणखी आधी गेली असती.

2010 मध्ये ती हॉलंडच्या स्पायकर या चिमुकल्या स्पोर्ट्सकार कंपनीने घेतली. एप्रिल 2011 मध्ये व्हेंडरांची बिलं थकली, त्यांनी माल अडवला आणि लाइन थांबली. हे वाचताना मला आमचा स्टोअर्सचा दरवाजा आठवला. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे पाच महिने अडकले होते, आणि भरलेला टेम्पो गेटवरून परत फिरवायचा फोन मीच केला होता. साबमध्ये चिनी कंपन्या पैसे घालायला तयार होत्या, पण आपलं तंत्रज्ञान त्यांच्या हाती जाऊ द्यायला जनरल मोटर्सने नकार दिला. 19 डिसेंबर 2011 रोजी दिवाळखोरी जाहीर झाली. तीन हजारांवर माणसांची नोकरी गेली, ती नाताळच्या आठवड्यात.

आजोबांना सुटे भाग अजून मिळतात. ते पुरवणारी साबची वेगळी कंपनी कर्जाच्या हमीपोटी स्वीडन सरकारच्या ताब्यात आली आणि नाव बदलून चालू राहिली.

जाता जाता एक दुरुस्ती, ती कृपया छापावी. 'साब कंपनी बुडाली' हे चूक आहे. विमानं बनवणारी मूळ साब व्यवस्थित चालू आहे, ग्रिपेन हे लढाऊ विमान तिचंच, आणि आपलं लष्कर तिची कार्ल-गुस्ताफ ही खांद्यावरून डागायची तोफ 1976 पासून वापरतं. बुडाली ती साब ऑटोमोबाइल. 2012 मध्ये तिचा कारखाना नेव्हस या कंपनीने घेतला आणि थोड्या 9-3 काढल्याही. पण तिचीही आर्थिक ओढाताण सुरू झाल्यावर 2014 मध्ये मूळ साबने गाड्यांवर आपलं नाव लावायची परवानगी काढून घेतली.

आपला,
एक निवृत्त कॉस्टिंगवाला, चिंचवड